धरलेलं मनगट

आमच्या घरात तालीम हा शब्द दोन अर्थांनी चालायचा. अम्मी म्हणायची, "बेटी कू तालीम देना," तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे शाळा असायची. अब्बा "तालमीत जाऊन येतो" म्हणायचे, तेव्हा लाल मातीचा हौदा. शब्द मूळचा अरबी, अर्थ शिकवण. मराठीनं तो कुस्तीच्या जागेला देऊन टाकला. वस्ताद म्हणजे आपला उस्तादच. पैलवान, कुस्ती, जोर, पेच हे शब्द फारसीतले, कसरत अरबीतली, आणि हौदा म्हणजे मशिदीत वजू करतो तो हौज. कुस्तीची निम्मी बोली आपल्याच घरातून गेलेली आहे. कोल्हापूरच्या बाबूजमाल तालमीत मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले की पंजे आणि गणपती शेजारी शेजारी बसतात. तालमीला त्यात नवल वाटत नाही, आपल्याला वाचताना वाटतं.

माझ्या वाट्याला मात्र या शब्दाचा एकच अर्थ आला. शाळेत गेले, डी.एड. केलं, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवू लागले. दुसरी तालीम मी बाहेरून पाहिली. लहानपणी अब्बांसाठी दुधाचा गडू आणि कुटलेले बदाम घेऊन जायचे ते उंबऱ्यापर्यंत. आत शड्डूचा आवाज, घामाचा आणि तेल-ताक-हळद घातलेल्या मातीचा वास. बाईनं आत पाऊल टाकायचं नाही, हा नियम हिंदू-मुसलमान दोघांनाही सारखाच मान्य होता. अशा बाबतीत एकमत लवकर होतं.

मुलींनी खेळू नये असं आमचा जिल्हा म्हणत नाही, हेही सांगायला हवं. खो-खोत या जिल्ह्याच्या मुलींनी नाव काढलं आहे. सारिका काळे इथलीच. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या खो-खो संघाची ती कर्णधार होती, संघानं सुवर्ण मिळवलं आणि २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. पण पळण्याचा खेळ वेगळा आणि अंगाला अंग भिडण्याचा वेगळा. त्यातून आपल्या मोहल्ल्यातल्या मुलीनं? तिथं सगळे प्रश्न एकदम उभे राहतात.

माझ्यापुढे ते उभे राहिले मुलीमुळे. ती रोज एसटीनं कॉलेजला जाते. २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, एसटीच्या पाट्या बदलल्या, गर्दी तीच राहिली. एका संध्याकाळी त्या गर्दीत कोणीतरी तिचं मनगट धरलं. चार-पाच सेकंदच. शेजारची एक म्हातारी ओरडली म्हणून सोडलं आणि तो माणूस गर्दीत मिसळून गेला. घरी आल्यावर मुलगी रडली नाही. एवढंच म्हणाली, "अम्मी, मला ओरडताही आलं नाही. हात माझाच होता, पण माझा नव्हता." तिच्या वडिलांचा निर्णय रात्रीच झाला होता. कॉलेज बंद, नाहीतर घरून बाहेरची परीक्षा द्यायची. ते वाईट माणूस नाहीत. भीती वाटली की दार लावायचं, एवढंच त्यांना त्यांच्या घरात शिकवलेलं. मी आठ दिवसांची मुदत मागितली.

त्याच आठवड्यात शादीखान्यात मुली आणि बायकांसाठी स्वसंरक्षणाचा वर्ग सुरू होणार असं कळलं. शिकवणारे सर शनिवार-रविवार सोलापूरहून येणार, सोबत त्यांची एक शिष्या. कराटे असेल असं वाटलं. सर म्हणाले, "हे हापकिडो आहे." आम्ही बाराजणी एकमेकींकडे बघत राहिलो. एकीनं विचारलं, "सर, ये खाने का है क्या?"

तेव्हापासून मी जे वाचलं, विचारलं, ते थोडक्यात असं. हापकिडो कोरियाची कला. हाप म्हणजे जुळणं, की म्हणजे प्राणशक्ती, दो म्हणजे मार्ग. चिनी चित्रलिपीत हा शब्द लिहिला तर जपानच्या आयकिदोचीच अक्षरं येतात, कारण दोघांचं मूळ जपानच्या दाइतो-र्यू या जुन्या विद्येत सांगितलं जातं. १९१० ते १९४५ कोरिया जपानच्या ताब्यात होता. चोई योंग-सूल नावाचा कोरियन मुलगा लहानपणी जपानला गेला, मोठा झाला तो तिथंच, आणि महायुद्ध संपल्यावर देगू शहरात परतला. आपण दाइतो-र्यूचे गुरू ताकेदा सोकाकू यांच्याकडे अनेक वर्षं राहून शिकलो असं तो सांगे. ताकेदांच्या नोंदवह्यांत त्याचं नाव सापडत नाही म्हणून त्यावर वाद आहे. गुलाम देशातल्या पोराचं नाव मालकाच्या वहीत लिहिलं गेलं नसेल तर मला त्यात फार आश्चर्य वाटत नाही, पण ते माझं मत झालं.

देगूतल्या एका दारूभट्टीपाशी धान्याच्या रांगेत चोईचं भांडण झालं. त्यानं अंगावर आलेल्या माणसांना सहज लोळवलं. भट्टीमालकाचा मुलगा सो बोक-सोप हे वरच्या खिडकीतून बघत होता. तो स्वतः ज्यूदो शिकलेला. त्यानं चोईला बोलावून घेतलं आणि त्याचा पहिला शिष्य झाला. पुढे जी हान-जे या शिष्यानं त्यात कोरियन लाथांची भर घातली आणि हापकिडो हे नाव देशभर नेलं. राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्या अंगरक्षकांना त्यानं शिकवलं. ब्रूस लीच्या 'गेम ऑफ डेथ'मध्ये जो कोरियन ब्रूस लीशी लढतो, तोच हा जी हान-जे. आणि १९७२ मध्ये हाँगकाँगमध्ये 'हापकिडो' याच नावाचा सिनेमा निघाला, त्यात मुख्य लढणारी बाई होती, अँजेला माओ. आमच्या भाईजाननं व्हीसीआरवर 'एंटर द ड्रॅगन' पाहून घराची चार कौलं फोडली होती. त्या सिनेमात ब्रूस लीच्या बहिणीचं काम करणारी हीच अँजेला माओ, हे त्याला माहीत असण्याचं कारण नव्हतं. आम्ही बहिणी ते सिनेमे पाहत नव्हतो.

पहिल्या दिवशी सरांनी ठोसा शिकवला नाही, लाथ शिकवली नाही. सगळ्यांना जोडीनं उभं केलं आणि म्हणाले, "समोरचीचं मनगट धरा. घट्ट." मी माझ्या मुलीकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता. तिचं मनगट मी धरलं. दुसऱ्या कुणाला मी ते धरू दिलं नसतं.

"आता हात ओढू नका," सर म्हणाले. ओढणं हेच तर आपण करतो. माणूस घाबरला की हात स्वतःकडे खेचतो, आणि ताकद जास्त असलेला जिंकतो. इथं उलट. आधी पाचही बोटं ताणून पसरायची. बोटं पसरली की मनगट फुगतं, कडक होतं, पकड सैलावते. पकडीत एक फट असते, अंगठा आणि बोटं भेटतात तिथं. मनगटाची धार त्या फटीकडे वळवायची, कोपर आपल्या अंगाला चिकटवायचं, आणि मागं न सरता एक पाऊल पुढं, धरणाऱ्याच्या दिशेनं टाकायचं. कंबर वळते, हात सुटतो. ताकद हाताची नाही, कंबरेची आणि पावलाची. चाळीस-पन्नास वेळा केल्यावर माझ्या मुठीतून मुलीचा हात असा निसटला की माझीच बोटं दुखली. ती हसली. त्या संध्याकाळनंतर पहिल्यांदा.

कोरियन लोक याची तीन सूत्रं सांगतात: समोरच्या जोराशी जोर लावू नका, गोलात फिरा, पाण्यासारखं वाहा. ऐकायला सुविचार वाटतात. पण मनगट धरलेलं असताना ते सुविचार राहत नाहीत.

इथं मला कुस्तीचा विचार करावाच लागला, कारण मी पैलवानाची मुलगी. कुस्ती सुरू होते ती बरोबरीनं. दोघांचं वजन बघून जोड लावतात, पंच हात मिळवून देतो, माती अंगाला चोळतात, मग भिडतात. आतली टांग, धोबीपछाड, कलाजंग, ढाक, एकेक डाव म्हणजे बुद्धीचा खेळ. पाठ टेकली की निकाल. लबाडीला जागा फार कमी. २०१८ मध्ये जालन्यात करमाळा तालुक्यातला बाला रफीक शेख महाराष्ट्र केसरी झाला तेव्हा अब्बा पोरासारखे रडले होते. परंड्याच्या शिवेपलीकडचा पोरगा म्हणून, आणि आणखी कशासाठी ते आपल्याला माहीत आहे. कुस्तीसारखा ताकदीचा आणि दमाचा कस दुसरीकडे लागत नाही. पण कुस्ती असं धरून चालते की समोर एक गडी आहे, तुझ्याएवढा, आणि तू तयार आहेस.

कराटे वेगळ्या जागी सुरू होतं. गिचिन फुनाकोशी यांनी ते १९२२ मध्ये ओकिनावाहून तोक्योला आणलं. तिथं दोघांत अंतर असतं, हातभराचं तरी. ठोसा आणि लाथ त्या अंतरातून जाते. तायक्वांदोत, म्हणजे १९५५ मध्ये नाव मिळालेल्या दुसऱ्या कोरियन कलेत, अंतर आणखी वाढतं आणि पाय उंच जातात. आपल्याकडच्या गावोगावच्या क्लासमध्ये ती जास्त दिसते, कारण २००० पासून ती ऑलिंपिकमध्ये आहे, स्पर्धा आहेत, पट्टे आहेत. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये सुरू केलेला ज्यूदो कुस्तीच्या जवळचा. तिथं अंगरखा धरून खेळतात, १९६४ च्या तोक्यो ऑलिंपिकपासून तो जागतिक खेळ झाला. आयकिदो हापकिडोचा सख्खा चुलतभाऊ. मोरिहेई उएशिबा यांनी त्यातला मार जवळजवळ काढून टाकला. जोर वळवून माणसाला फेकायचं, इजा टाळायची. हापकिडोनं तेवढी सज्जनता ठेवलेली नाही. आधी नडगीवर लाथ किंवा चेहऱ्यावर हात, समोरचा दचकला की मग मनगटाची कडी.

प्रत्येक कलेनं लढाई कुठून सुरू होते हे आधीच ठरवून टाकलेलं असतं. मैदानातून, हातभर अंतरावरून, अंगरख्याच्या पकडीतून. हापकिडोचा पहिला धडा धरलेल्या मनगटापासून सुरू होतो. मग बाही धरली, गळा धरला, केस धरले, मागून कवळा घातला. म्हणजे जो आधीच पकडला गेला आहे, त्याच्यापासून. माझ्या मुलीची लढाई तिथूनच सुरू झाली होती. आपल्या बहुतेक मुलींची तिथूनच होते.

दुसरा धडा पडण्याचा. शादीखान्यातल्या वऱ्हाडाच्या गाद्या आम्ही पसरल्या. हनुवटी छातीला, श्वास बाहेर, पाठ गोल आणि जमिनीला टेकताना हाताचा सपाट फटका. पडण्याचा जोर हात घेतो, डोकं वाचतं. आमच्यात एक साठीची बाजी होती. तिला जावेनं विचारलं, "क्या जी, इस उमर में गिरना सीखते क्या?" बाजी म्हणाली, "हौ, अब्बी तो जास्ती गिरते." मला मात्र दोन रविवार धाडस झालं नाही. आमच्या पिढीच्या बाईचं सगळं शरीर न पडण्यासाठी घडवलेलं असतं. ओढणी पडू नये, नजरेत पडू नये, कुणाच्या तोंडी पडू नये. तिसऱ्या रविवारी पडले. गादीवर निजून छताचे पंखे बघत राहिले आणि कारण नसताना हसू आलं.

मोहल्ल्यात चर्चा झालीच. पहिला प्रश्न पडद्याचा. सरांनी तो सहज सोडवला होता. बायकांना हात लावून दाखवायचं काम त्यांची शिष्या करायची, ते लांबून सांगायचे. दुसरा वाकण्याचा. कोरियन रीतीत वर्ग सुरू होताना कमरेत वाकून वंदन करतात. दोघी-तिघींनी सांगितलं, आम्ही अल्लाहशिवाय कुणापुढे झुकत नाही. सर म्हणाले, "मग छातीवर हात ठेवून सलाम करा. आदर तोच." प्रश्न मिटला. असे प्रश्न विचारले की मिटतात, न विचारता घरी बसलं की वाढतात. एका बुजुर्गांनी दीन काय म्हणतो ते विचारलं. हजरत आयेशा (रजि.) यांनी पैगंबरांसोबत (स.) धावण्याची शर्यत लावली आणि पहिल्या खेपेला त्या जिंकल्या, ही गोष्ट अबू दाऊदच्या हदीससंग्रहात आहे, असं मी म्हटलं. ते गप्प झाले. पटलं म्हणून की मास्तरीण म्हणून, ते सांगता येत नाही.

तिसरा आक्षेप हळू आवाजात आला आणि तोच मला खरा वाटला. "आजचे दिवस पाहता आपल्या वस्तीत मारामारीचा क्लास चालतो असं कुणी म्हटलं तर?" ही भीती खोटी नाही. आपल्या पोरानं तालमीत जोर काढले तर कसरत, आणि काठी फिरवली तर प्रश्न, असे दिवस आपण पाहिलेत. आम्ही दार उघडं ठेवलं. वस्तीबाहेरच्या चार मुलीही वर्गात आल्या, त्यांच्या आयाही बघायला बसल्या. कायद्यानं स्वसंरक्षणाचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या ९६ ते १०६ कलमांत होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ कलमांत आहे. पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची मुभा त्यात नाही. सर हे दर आठवड्याला सांगायचे. हात सोडवता येत असेल तर कडी लावू नका, कडीनं भागत असेल तर हाड मोडू नका, आणि पळता येत असेल तर यातलं काहीच करू नका.

चौथा प्रश्न आयांचा: दहावीला क्रीडागुण मिळतील का? सर म्हणाले, "मी मार्कांसाठी शिकवत नाही." दोन मुली पुढच्या आठवड्यात आल्या नाहीत.

अब्बांचं वय आता ८०. ते अजून उस्मानाबादच म्हणतात. त्यांना मी काही सांगितलं नव्हतं, मुलीनं सांगितलं. एका दुपारी खाटेवरून म्हणाले, "दिखा." आणि माझं मनगट धरलं. हातावरची कातडी सैल झालीय, पण पकड पैलवानाची. मी बोटं पसरली, पाऊल पुढं टाकलं. हात सुटला नाही. "कोपर उघडी राहिली," ते म्हणाले. "अंगाला लाव." लावलं, सुटला. मग त्यांनी कुस्तीत पकडलेला हात कसा सोडवतात ते दाखवलं. जवळजवळ तेच. "आमच्यातही हे आहे," म्हणाले, "पण आम्ही हे शेवटी शिकायचो. आधी जोर, बैठका." थोडं थांबून विचारलं, "पडायला शिकवलं का?" शिकवलं म्हटल्यावर मान हलवली. आमच्या दादांच्या, म्हणजे त्यांच्या वडिलांच्या काळी बिनोट जाणणारे लोक होते, रुमालाच्या टोकाला पैसा बांधून हत्याराला तोंड द्यायचे, असं ते सांगत राहिले. हापकिडोतही पट्टा, काठी आणि छडीचे डाव आहेत. आमच्या वर्गात पट्ट्याऐवजी ओढणी वापरली. अब्बांनी तेही दोनदा करून दाखवायला लावलं.

आता याची दुसरी बाजू. माझा भाचा तालमीत जातो, वजन ९० किलोच्या आसपास. तो शादीखान्याच्या दारात आला आणि हसत म्हणाला, "मला लावून दाखवा." सरांच्या शिष्येनं हात सोडवला, पण मनगटाला कडी बसेना. त्यानं खांदा पाडला, कंबर खाली घेतली आणि ती जागच्या जागी अडकली. बायकांचे चेहरे उतरले. सरांनी लपवालपवी केली नाही. म्हणाले, "हा पैलवान आहे, याचा रोजचा धंदा आहे. वर्गात जोडीदार आपल्याला मदत करत असतो, हे विसरू नका. रस्त्यावर कोणी मदत करणार नाही." हापकिडोचा हा दोष मला खरा वाटतो. डाव शेकडो, आणि बरेचसे समोरचा कसा वागेल हे ठरवून शिकवलेले. कुस्ती आणि ज्यूदोत रोज खऱ्या विरोधाशी झोंबावं लागतं, त्यामुळे जे येतं ते पक्कं येतं. सहा महिने ज्यूदो केलेली मुलगी सहा महिने हापकिडो केलेल्या मुलीला बहुधा पाडेल. ज्यूदोची सोय गावात असेल आणि घरचे पाठवत असतील तर मी मुलीला ज्यूदोला पाठवा म्हणेन. दहा दिवसांच्या शिबिराचं प्रमाणपत्र घेऊन कोणी निर्धास्त होत असेल तर ते शिबिर न झालेलं बरं.

मग आम्ही हेच का चालू ठेवलं? कारण साठीची बाजी ज्यूदो करू शकत नाही. माझे गुडघे कुस्ती करू देणार नाहीत. आणि पकडल्यावर गोठून जायचं नाही, हे एवढं एक माझ्या मुलीच्या अंगात उतरलं आहे. तिला मी मुद्दाम कधीही, स्वयंपाकघरात, जिन्यात, मागून येऊन मनगट धरते. बोटं आपोआप पसरतात. तोंडून आवाजही निघतो. सरांनी ओरडणं वेगळं शिकवलं होतं, पोटातून, आणि बारा जणींत ते सगळ्यात अवघड गेलं होतं.

कॉलेज चालू आहे. तिच्या वडिलांनी परवानगी अशी कधी दिली नाही, बंद करण्याचा विषय पुन्हा काढला नाही इतकंच. एकदा मात्र मी बाजूला नाही असं बघून त्यांनी मुलीला विचारलं, "वो हात छुडाने का कैसे है?" तिनं त्यांना शिकवलं. मी आतून ऐकत होते.

सध्या लग्नसराई आहे, शादीखाना रिकामा नाही. आम्ही सातजणी रविवारी बाजीच्या माडीवर जमतो. गाद्या तिच्याच. सर महिन्यातून एकदा येतात. बकरी ईदनंतर हॉल मिळेल असं विश्वस्तांनी सांगितलं आहे, भाडं ठरायचं आहे.